दुर्मीळ रेकॉर्डच्या शोधात गाडी काढताना

पहिल्या सहलीत मी आणि दादाने चार दिवसांत जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डची अकरा दुकानं केली. प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास थांबायचं, वरवरच्या दोन-तीन पेट्या चाळायच्या आणि पुढचं दुकान बंद होईल या धास्तीने निघायचं, असं चाललं होतं. पुढच्या वर्षी तेवढ्याच दिवसांत पाच दुकानं केली. आज मी ज्या रेकॉर्ड कौतुकाने काढून लोकांना ऐकवते, त्यातल्या बहुतेक त्या पाच दुकानांतल्या आहेत. या नादाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला म्हणूनच मी सांगते की प्रवास किलोमीटरमध्ये मोजण्याआधी पेट्यांमध्ये मोजा.

आधी पेट्यांचा हिशोब

कव्हरसकट एक एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, साधारण तीन ते चार मिलिमीटर जाड असते. फूटभर लांबीच्या पेटीत त्या ऐंशी-नव्वद मावतात. सरावलेला हात तासाला हजारभर कव्हरं चाळतो. नवख्या माणसाने सहाशे धरावीत, कारण दर पाच-सहा कव्हरांमागे त्याला थांबून वाचावं लागतं. दहा हजार रेकॉर्ड असलेलं दुकान म्हणजे त्याच्यासाठी दोन पूर्ण दिवस. अर्थात सगळं दुकान कुणीच चाळत नाही, आपल्या आवडीचे विभागच पाहतो. तरीही दिवसाला एक मोठं दुकान किंवा दोन लहान, यापुढे जाऊ नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक दुकानाला फोन करा. स्वतंत्र, म्हणजे कुठल्या साखळीत नसलेलं, दुकान बहुतेक एकहाती चालतं. मालकाला ताप आला की शटर खाली, आणि इंटरनेटवर लिहिलेल्या वेळा तीन वर्षांपूर्वीच्या. सुट्टीचा वार आणि उघडण्याची वेळ विचारा. कोणत्या प्रकारचं संगीत जास्त आहे, दुकानात ऐकून बघायची सोय आहे का, हेही विचारा. शेवटी एक प्रश्न हमखास विचारा: ‘नुकताच आलेला, अजून न लावलेला माल आहे का?’ कुणाचा तरी जुना संग्रह दुकानात येतो तेव्हा तो आधी मागच्या खोलीत खोक्यांत पडून असतो. त्यावर किंमत लागायची असते, दुसऱ्या कुणाची नजर पडायची असते. तुम्ही लांबून येताय हे कळलं तर बरेच मालक ती खोकी काढून ठेवतात.

ज्या दुकानाकडून सर्वांत जास्त आशा आहे ते पहिल्या दिवशी ठेवा. तिसऱ्या दिवसापर्यंत डोळे थकतात आणि समोर आलेली चांगली गोष्टही हातून निसटते. शेवटचा अर्धा दिवस मोकळा सोडा. रात्री झोपताना ‘ती घ्यायलाच हवी होती’ असं ज्या एलपीबद्दल वाटत राहतं, तिच्यासाठी मागे वळायला तो लागतो. एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोअर डे असतो. २००८ पासून स्वतंत्र दुकानांसाठी तो साजरा होतो आणि त्या दिवशी खास नवी प्रकाशनं निघतात. वातावरण सुंदर असतं, पण गर्दीत जुन्या पेट्या निवांत चाळता येत नाहीत, म्हणून शोधाची सहल त्या आठवड्यात नको.

काय शोधायचं ते ठरवा

जुनी म्हणजे दुर्मीळ, हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. लाखोंनी खपलेली पन्नास वर्षांपूर्वीची एलपी आजही जागोजागी सापडते. दुर्मीळपणा येतो तो मुळात कमी प्रती निघाल्यामुळे, किंवा निघालेल्यातल्या कमी टिकल्यामुळे. एखाद्या लहान कंपनीने चाचपणी म्हणून काढलेल्या काहीशे प्रती, कलाकाराने स्वतःच्या पैशाने छापलेली एलपी, रेडिओ केंद्रांना पाठवलेली पांढऱ्या लेबलची प्रत, छपाईआधी तपासणीसाठी काढलेली टेस्ट प्रेसिंग, आणि लोकप्रिय एलपीची अगदी पहिली छपाई, असे त्याचे प्रकार आहेत.

कधी नुसतं कव्हरच दुर्मीळ असतं. बीटल्सच्या ‘यस्टर्डे अँड टुडे’ या अमेरिकी एलपीचं १९६६ मधलं मूळ कव्हर लोकांना बीभत्स वाटलं. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने प्रती परत मागवल्या आणि त्यातल्या कित्येकांवर नवा फोटो चिकटवून त्या पुन्हा बाजारात पाठवल्या. त्या नव्या फोटोखाली जुनं चित्र अंधूक दिसतं का, हे संग्राहक आजही कव्हर उजेडात तिरपं धरून बघतात.

यादीसाठी एक वही घ्या आणि तिचे तीन भाग करा. पहिल्यात नेमक्या हव्या असलेल्या रेकॉर्ड लिहा. नावाबरोबर कॅटलॉग क्रमांकही (कंपनीने त्या आवृत्तीला दिलेला क्रमांक) लिहा, कारण एकाच एलपीच्या दहा आवृत्त्या असतात आणि कव्हर सगळ्यांचं सारखंच दिसतं. दुसऱ्यात नुसत्या दिशा: अमुक वादक, तमुक कंपनी, एखाद्या काळातलं संगीत. मला सर्वांत आनंद देणाऱ्या रेकॉर्ड या दुसऱ्या भागातून आल्या आहेत. तिसऱ्यात स्वतःकडे आधीच काय आहे ते. हा भाग टाळू नका, चौथ्या दुकानात पोचेपर्यंत घरी काय आहे याचा विसर पडतो. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर आवृत्त्यांची तपशीलवार नोंद मिळते आणि आपला संग्रहही तिथे नोंदवता येतो. तळघरातल्या दुकानांत मात्र मोबाइलला रेंज नसते. यादी कागदावर असू द्या.

पिशवीत काय काय

प्रखर झोताचा छोटा टॉर्च सगळ्यात महत्त्वाचा. दुकानातली ट्यूबलाइट ओरखडे लपवते, टॉर्चचा तिरपा झोत ते दाखवतो. त्याखालोखाल दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ ब्रश, नवीन आतली पाकिटं वीस-पंचवीस, कव्हराच्या मापाचे पुठ्ठे आणि ओल्या कागदी रुमालांचं पाकीट. तास-दोन तास पेट्या चाळल्यावर बोटं काळी होतात आणि तीच बोटं पुढच्या कव्हरावर उमटतात. गुडघ्याखाली घ्यायला पातळ उशी ठेवा. स्वस्त माल जमिनीवरच्या पेट्यांत असतो आणि तिथे फार कमी लोक वाकतात.

जमलं तर बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा साउंड बर्गर १९८०च्या दशकात आला होता, २०२२ मध्ये कंपनीने तो पुन्हा काढला. असल्या प्लेअरचा उपयोग सुई उडते का आणि चरचर किती आहे एवढं बघण्यापुरता. दुकानदाराला विचारल्याशिवाय तो पिशवीतून बाहेर काढू नका.

दुकानात शिरल्यावर

पिशवी आणि पाण्याची बाटली गल्ल्यापाशी ठेवा. मालकाशी दोन शब्द बोला, पण ‘दुर्मीळ काय आहे?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून काचेच्या कपाटातल्या चार महागड्या एलपी दाखवल्या जातात आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी तुम्हाला काय ऐकायला आवडतं ते सांगा. एका वृद्ध दुकानदारांना मी म्हटलं होतं, ‘मला क्लॅरिनेट फार आवडतं, पण कुणापासून सुरुवात करावी कळत नाही.’ त्यांनी पुढचा पाऊण तास एकेक एलपी लावून दाखवली. ‘ही घेऊ नकोस, हिची छपाई वाईट आहे, दुसरी मिळेपर्यंत थांब,’ हेही त्यांनीच सांगितलं.

चाळताना कव्हरं दोन्ही हातांनी पुढे झुकवत जायची. घट्ट भरलेल्या पेटीतून एलपी वरच्या कडेला धरून ओढली की कव्हराची शिवण फाटते. आधी चार-पाच एलपी बाहेर काढून जागा करा, मग हवी ती काढा. जिथून काढली तिथेच परत ठेवा. तबकडी कव्हरातून काढायची तर आधी विचारा. सीलबंद प्रत फोडू नका. घ्यायच्या वाटतात त्या एका बाजूला जमवा आणि शेवटी शांतपणे त्यातून निवडा. निवड करताना उरलेल्या रेकॉर्ड जागच्या जागी ठेवणारा माणूस मालकाच्या चांगला लक्षात राहतो.

तबकडी बघायची कशी

इथे वेळ द्या. सगळी सहल या दोन मिनिटांवर उभी असते.

कव्हर हातात घेतलं की आधी तोंडाशी नाक नेऊन वास घ्या. ओलसर, कुबट वास म्हणजे बुरशी, आणि ती शेजारच्या कव्हरांना लागते. मग तिन्ही शिवणी बघा. समोरच्या चित्रावर तबकडीच्या आकाराची गोल झीज उमटली असेल तर ती एलपी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली होती. कोपरा कापलेला, भोक पाडलेलं किंवा करवतीची खाच असेल, तर कंपनीने न खपलेला साठा उतरत्या भावात काढताना केलेली ती खूण आहे. त्याने आवाजात काही फरक पडत नाही, किंमत मात्र खाली यायला हवी.

तबकडी काढताना पाकीट थोडं तिरकं करा आणि ती आपणहून घसरत तळहातावर येऊ द्या. अंगठा कडेवर, बोटं मधल्या गोल कागदी लेबलवर. ज्यात आवाज साठवलेला असतो त्या बारीक खाचांना हात लावायचा नाही. आता लेबल वाचा. कव्हरावर आहे तीच रेकॉर्ड आत आहे ना? दोन तबकड्यांचा संच असेल तर चारही बाजूंचे क्रमांक बघा. मी एकदा असा संच घाईत घेतला. तीनशे किलोमीटर पुढे गेल्यावर उघडला, तर आत बाजू एक-दोनची तबकडी दोनदा होती. तीन-चारची नव्हतीच. दुकानदाराने मुद्दाम केलं नसणार. ज्याच्या घरून तो संच आला तिथेच कधीतरी अदलाबदल झाली असेल. बघायचं काम माझं होतं.

मग टॉर्च. झोत वरून सरळ न टाकता जवळजवळ आडवा टाका आणि तबकडी हळूहळू फिरवा. केसासारख्या बारीक रेषा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत, त्या पाकिटातून आत-बाहेर करताना पडलेल्या असतात. ठळक ओरखडा दिसला तर नखाचा मागचा, गुळगुळीत भाग अगदी हलक्या हाताने त्यावरून न्या. नख अडखळलं तर सुईही अडखळणार. खाचांना आडवा गेलेला ओरखडा टक्-टक् करतो. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या वेगाला तबकडी १.८ सेकंदांत एक फेरा घेते, तेव्हा ती टक् दर १.८ सेकंदांनी येते. खाचेचे सहा फेरे ओलांडणारा ओरखडा जेमतेम अकरा सेकंद त्रास देतो, आणि जी रेकॉर्ड दुसरीकडे मिळणारच नाही तिच्यासाठी हे चालवून घेता येतं. खाचेच्या दिशेने, तिला जवळजवळ समांतर गेलेला ओरखडा दिसायला किरकोळ असतो, पण सुई त्यात शिरून रुळावरून घसरते. तसली प्रत मी घेत नाही.

तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा. कडा लाटेसारखी वर-खाली होते का बघा. थोडा बाक चालतो, बशीसारखी झालेली नको. मग मधल्या भोकाभोवती लेबलवर नजर टाका. तिथे पातळ चकचकीत रेघा असतील तर प्लेअरच्या खुंटीवर बसवताना कुणीतरी अनेकदा चाचपडलंय. रेकॉर्ड खूप वाजलेली आहे, असा त्याचा अर्थ. वरून चमकणारी तबकडीही आतून झिजलेली असू शकते. जड सुईने झिजलेल्या खाचा राखाडी दिसतात, विशेषतः गाण्याच्या जोरकस भागात. एलपीच्या एका बाजूला सलग एकच खाच असते. बावीस मिनिटांच्या बाजूची खाच उलगडली तर जवळजवळ पाऊण हजार फेऱ्यांची, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल. या अर्ध्या किलोमीटरवरून आधी कोण कसं गेलं, तेच आपण तपासत असतो.

दर्जाची अक्षरंही शिकून घ्या. बहुतेक ठिकाणी गोल्डमाइन या अमेरिकी नियतकालिकाची पद्धत चालते: मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड), गुड, आणि त्याखाली फेअर व पुअर. शब्दांवर जाऊ नका. ‘गुड’ प्रत ऐकायला वाईट असते आणि ‘व्हेरी गुड’मध्ये शांत जागी चरचर येते. सुरुवातीला व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका. अपवाद फक्त पुन्हा दिसणार नाही अशा रेकॉर्डचा.

लेबलच्या कडेची कोरीव अक्षरं

शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टा असतो. त्याला रन-आऊट म्हणतात. तिथे कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं म्हणजे रेकॉर्डची जन्मपत्रिका. कव्हर बदलता येतं, तबकडी दुसऱ्याच कव्हरात घालता येते. रन-आऊटची अक्षरं मात्र धातूच्या साच्यातूनच आलेली असतात.

ती समजण्यासाठी रेकॉर्ड कशी बनते ते माहीत हवं. लाखेसारख्या लेपाच्या चकतीवर अभियंता खाच कापतो. तिच्यावर धातूचा थर चढवून पहिला साचा, त्यावरून ‘मदर’, आणि मदरवरून ‘स्टँपर’ काढतात. स्टँपर गरम प्लास्टिकवर दाबला की तबकडी तयार. एक स्टँपर काहीशे ते हजारभर प्रती काढून झिजतो, मग दुसरा लागतो. ब्रिटनमधल्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने स्टँपरचा क्रमांक अंकांऐवजी अक्षरांत ठोकला. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. ही अक्षरं ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी शब्दांवरून घेतली आहेत. रन-आऊटमध्ये लेबलच्या एका अंगाला मदरचा आकडा १ आणि दुसऱ्या अंगाला एकटं जी दिसलं, तर ती त्या मदरच्या पहिल्या स्टँपरमधली प्रत. पहिल्यांदा असं जी भिंगाखाली दिसलं तेव्हा मी दादाला गाडीतून बोलावून आणलं होतं.

कापणाऱ्या अभियंत्याची खूणही तिथेच सापडते. ब्लू नोट या कंपनीच्या बऱ्याच जाझ एलपींवर रूडी व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं असतात, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या प्रतींवर कानासारखी दिसणारी छोटी खूण असते. ती प्लास्टिलाइट या छपाई कारखान्याची. अक्षरं आहेत पण कान नाही, तर ती बहुतेक नंतरची छपाई. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६९ मधल्या दुसऱ्या एलपीच्या ज्या प्रतींवर रॉबर्ट लुडविग यांचं ‘आरएल’ आहे, त्यांचा आवाज इतका जोरकस होता की साध्या प्लेअरवर सुई उडायची, म्हणून कंपनीने ती नंतर पुन्हा कापून घेतली. कव्हर तेच, गाणी तीच, आणि दोन प्रतींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

काळ ओळखायला काही मोठ्या तारखा पाठ असू द्या. कोलंबियाची ३३ १/३ फेऱ्यांची एलपी १९४८ मध्ये आली, आरसीए व्हिक्टरची ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी १९४९ मध्ये. स्टिरिओ एलपी १९५८ पासून मोठ्या प्रमाणात विकल्या जाऊ लागल्या. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला १९७४ साली. म्हणून कव्हरावर बारकोड असेल आणि विकणारा ‘साठच्या दशकातली पहिली छपाई’ म्हणत असेल, तर ते कव्हर तरी त्या काळचं नाही. नकली प्रतींत कव्हराचा फोटो थोडा धुरकट आणि बारीक मजकूर भरून आलेला दिसतो, कारण तो छापील कव्हरावरूनच पुन्हा घेतलेला असतो. इथे भिंग कामाला येतं.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या समोर आल्या तर थोडं थांबा. त्या लाखेच्या असतात, हातातून निसटली की तुकडे. त्यांच्या खाचा रुंद. त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, एलपीची सुई असते सुमारे १८ मायक्रॉनची. घरी तशी सुई आणि तसा वेग नसेल तर पहिल्या सहलीत त्या घेऊ नका.

ऐकून बघणं आणि भाव

दुकानात ऐकायची सोय असेल तर सुरुवातीचा भाग ऐकण्यात वेळ घालवू नका. बाजूच्या शेवटच्या गाण्यावर सुई टेकवा. लेबलजवळ खाचेचा घेर लहान होतो आणि झीज तिथे सर्वांत आधी ऐकू येते. वरचे सूर फाटल्यासारखे, ‘स’ची अक्षरं थुंकी उडाल्यासारखी येत असतील तर खाच झिजली आहे, धुऊन ते जाणार नाही. बारीक, अनियमित चुटचुट बहुतेक वेळा धुळीची असते आणि जाते.

भावाबद्दल थोडक्यात. रोजचं एक बजेट ठरवा आणि त्याचा एक हिस्सा शेवटच्या दिवसासाठी बाजूला ठेवा. इंटरनेटवर कुणी किती मागतंय ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा. चार-पाच एलपी एकत्र घेत असाल किंवा किमतीच्या चिठ्ठीवर न लिहिलेला दोष सापडला असेल, तर एकदा, नीट शब्दांत विचारा. नाही म्हटलं तर विषय संपला. त्या माणसाने दुकान चालू ठेवलंय म्हणून आपण चारशे किलोमीटर येऊ शकतो.

गाडीतला प्रवास

एलपी पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात आणि साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांना बाक यायला लागतो. उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी हे तापमान सहज गाठते. तेव्हा जेवायला उतरतानाही पेटी बरोबर न्यायची, रात्री खोलीत न्यायची. ‘दहाच मिनिटं’ हा शब्द या बाबतीत वापरायचाच नाही. एका दुपारी आम्ही सावली बघून गाडी लावली, सावली सरकली आणि मागच्या काचेजवळच्या सात एलपी वाकल्या. त्यातली एक मी दोन वर्षं शोधत होते.

रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की खालच्यांवर सगळं वजन येतं. पेटीत त्या सैल नकोत आणि कोंबलेल्याही नकोत. दोन बोटं शिरतील एवढी जागा ठेवा, उरलेल्या ठिकाणी पुठ्ठे घाला. कव्हरसकट एक एलपी पाव किलो ते तीनशे ग्रॅम भरते, म्हणजे शंभराची पेटी पंचवीस-तीस किलोंची. पन्नास-पन्नासच्या पेट्या करा, पाठ वाचेल. पेटीची उत्तम जागा म्हणजे पुढच्या सीटमागची जमीन, वर पांढरी चादर.

नाजूक कव्हर असेल तर तबकडी आतल्या पाकिटासकट कव्हराबाहेर काढा आणि कव्हराच्या मागे ठेवा, दोन्ही एकत्र प्लास्टिकच्या बाहेरच्या पाकिटात. रस्त्याच्या धक्क्यांनी तबकडी आतून आदळते आणि शिवण उसवते, ते यामुळे टळतं. पार्सलने पाठवायची झाली तरी हीच पद्धत.

दादा गाडी चालवतो तेव्हा मी शेजारी बसून त्या दिवशीच्या खरेदीची नोंद करते: नाव, कॅटलॉग क्रमांक, रन-आऊटची अक्षरं, गाव, दुकान, किंमत, दिसलेले दोष. दुकान सोडल्यावर तासाभरात हे लिहिलं नाही तर कुठली कुठून घेतली ते आठवत नाही.

घरी आल्यावर

नवीन आलेल्या रेकॉर्ड लगेच जुन्यांत मिसळू नका, आणि न धुता वाजवूही नका. दुसऱ्याच्या घरची तीस-चाळीस वर्षांची धूळ सुईखाली सापडली की ती खाचेत घासली जाते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल हात, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुणं. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेत बसतात, ते पाणी वापरू नका. लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव्य लावू नका, लाख त्यात विरघळते. धुतलेली तबकडी उभी करून पूर्ण वाळू द्या आणि नव्या पाकिटात घाला. जुनं छापील पाकीट टाकू नका, ते रिकामंच कव्हरात राहू द्या, त्या प्रतीचा तो भाग आहे. बाहेरची पाकिटं पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतली रसायनं काही वर्षांत तबकडीवर धुरकट थर सोडतात.

मग एका संध्याकाळी एकच रेकॉर्ड लावा, दोन्ही बाजू, पूर्ण. प्रवासात केलेल्या नोंदीशेजारी ऐकून काय वाटलं ते लिहा. टॉर्चखाली दिसलेला तो ओरखडा ऐकू आला का? राखाडी वाटलेला भाग खरंच फाटला का? दहा-बारा रेकॉर्डवर हे केलंत की पुढच्या दुकानात टॉर्च धरल्या धरल्या कुठली घ्यायची आणि कुठली परत ठेवायची ते डोळ्यांना कळायला लागतं. आणि ज्या दुकानदाराने मागची खोली उघडून दिली होती त्याला फोन करा, रेकॉर्ड कशी वाजली ते सांगा. पुढचा संग्रह त्याच्याकडे येईल तेव्हा पहिला फोन तो कुणाला करेल ते यावर ठरतं.